डब्ब्याला कार्पेट

सुतारकाम मला येत नव्हतं, ही गोष्ट मला सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होती. पांढुर्ण्यात आमच्या घराला लागूनच संत्र्याचा अड्डा. बहार आला की सकाळपासून तिथं पेट्या ठोकण्याची ठकठक सुरू व्हायची, गल्लीभर तणसाचा वास पसरायचा. ती ठकठक ऐकतच मी मोठा झालो, तेव्हा निम्मा सुतार तर मी कानानंच झालो आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आई स्वयंपाकघरात त्याच ठोक्यांवर कणीक तिंबायची. बाबूजी मात्र खिडकी लावून घेत आणि शाळेच्या वह्या तपासत. ते मराठी शिकवत, शाळेतही आणि घरीही. मी 'अभ्यास करून राहिलो' म्हटलं की आतून आवाज यायचा, "करतो आहे, म्हण." दोन्हीतलं एकही खरं नसायचं, हा भाग वेगळा.

बाबूजी ताठ माणूस. दूर आडगावी बदली झाली तेव्हा लोकांनी साहेबाला भेटायला सांगितलं, तर हे ट्रंक भरून निघून गेले. कोणापुढं हात जोडणं त्यांच्या अंगातच नव्हतं. त्यामुळे ताईच्या लग्नाचं त्यांना जड जात होतं. आमची मंदाताई माझ्यापेक्षा मोठी, रंगानं सावळी, बोलायला तिखट. एका ठिकाणी तिचं जमत आलेलं लग्न मोडलं होतं, तेही कशावरून, तर नवरदेवाच्या मावशाला शेला मागून दिला म्हणून. आधी द्यायला हवा होता म्हणे. ते लोक जेवणाच्या पाटावरून उठून गेले होते. त्यानंतर घरात मानपान हा शब्द निघाला की आईचं बीपी वाढायचं.

मग सौंसरचं स्थळ आलं. मुलगा मास्तर, बाप पोस्टातून निवृत्त झालेला. या वेळी गंमत अशी की मुलगा ताईला मनापासून आवडला. ती भाकरी थापताना गुणगुणायला लागली. आणि एक दिवस मला म्हणाली, "सुध्या, मामाच्या जीपमधून मी सौंसरले जाईन ना, तवा गाणे वाजले पाहिजे. मी रडत-बिडत नाई जाणार."

मामांची जीप पांढुर्णा-सौंसर सवारी मारायची. तिच्यात टेप होता, पण स्पीकर एकच, तोही समोर, आणि त्यातून गाणं असं यायचं, जणू डब्यात गांधीलमाशी कोंडली आहे. मी ताईला शब्द दिला. मी स्वतः डब्बा बनवतो, दोन मोठे स्पीकर, वरून नागपूरच्या गाड्यांना असते तशी कार्पेट. त्या वर्षी मी कॉलेजात नापास झालो होतो आणि माझ्याकडं वेळ भरपूर होता.

आता माझ्या पोराच्या गाडीत दारादारांत स्पीकर असतात. आवाज कुठून येतो तेही कळत नाही. त्याला मी डब्ब्याची गोष्ट सांगायला लागलो की तो म्हणतो, "पप्पा, रेडीमेड मिळत नव्हता का?" मिळत होता. पण रेडीमेड डब्ब्यानं माणसाच्या आयुष्यात काही घडत नाही.

डब्बा मी ठोकला तो संत्र्याच्या पेटीसारखाच झाला, कारण मला तेवढंच येत होतं. प्लायवूड बाजारातून आणलं, पण समोरच्या फळीला कमी पडलं. ही फळी जाड लागते, तिला दोन गोल भोकं पाडून स्पीकर तिच्यावरच कसायचे असतात. घरात जाड, गुळगुळीत, बरोबर मापाची फळी एकच होती. ती आमच्या चौरंगाची होती. सत्यनारायण वर्षातून एकदा व्हायचा, बाकी वेळ चौरंग माळ्यावर पडून असायचा. मी त्याचे पाय काढले आणि फळीला भोकं पाडली. भोकं गोल आली नाहीत, वांग्याच्या आकाराची आली. पण सगळं कार्पेटखाली जाणार होतं. माझं तेव्हाचं सगळं सुतारकाम या एका भरवशावर उभं होतं.

कार्पेट आणायला नागपूरला गेलो. मरून रंगाची, आखूड लवेची. गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या दुकानातून ती आणि सुलेशनचा मोठा डबा घेतला. सुलेशन म्हणजे सायकलचं पंक्चर काढताना लावतात ना, त्याचा थोरला भाऊ समजा. सीटवाल्यानं मला रीत सांगितली. डब्ब्याला लावायचं, कार्पेटच्या पाठीलाही लावायचं, दोन्ही वेगवेगळं वाळू द्यायचं. बोट लावलं की चिकट वाटलं पाहिजे पण बोटाला यायला नको, तेव्हा कार्पेट बसवायची. "आणि पहिल्या झटक्यात सरळ बसव," तो म्हणाला, "एकदा धरलं की मग ते सोडत नाही." त्याच्या दुकानातून निघताना मी मान हलवली होती, ती मान मला अजून आठवते. सगळं समजलेल्या माणसाची मान होती ती.

साक्षगंधाचा दिवस उजाडला. आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात, आणि व्याह्याला इवाई. पाहुणे दुपारी यायचे होते. सकाळचा वेळ रिकामा आहे असं मी ठरवलं. तसं ठरवणारा घरात मी एकटाच होतो. आईनं पहाटेच वडाभाताचे वडे तळायला घेतले होते, पाटोडीच्या रश्शाचा वास अंगणात उतरला होता, शेजारच्या बाया कढीला फोडणी देत होत्या. मी अंगणाच्या कोपऱ्यात डब्बा मांडला, भोकांची बाजू भिंतीकडे केली, आणि वरून व तिन्ही बाजूंनी सुलेशन फासलं. ताई केस धुऊन उन्हात उभी होती. ती नाक धरून म्हणाली, "काय घाण वास मारून राहिला रे." आदल्या संध्याकाळी माझ्या कोपराला सुलेशन लागून शर्टाची बाही चिकटली होती, तेव्हा तिनंच खोबरेल चोळून ती सोडवली होती.

आतून आईचा आवाज आला. "सुध्या, चौरंग कुठं हाय रे? इवायाचे पाय धुवाले लागते."

"माळ्यावर पाह्य ना."

"पाह्यला. नाई हाय."

"मंग नेला असन कोणी मागून."

तेवढ्यात गल्लीत जीप थांबल्याचा आवाज आला. मामा पाहुण्यांना आणायला गेले होते आणि रस्ता मोकळा मिळाला म्हणून वेळेच्या कितीतरी आधी घेऊनही आले. आईनं मला बनियनवर पाहिलं आणि हाताला धरून न्हाणीत ढकललं. मी अंगावर पाणी घेत होतो आणि बाहेरचं ऐकत होतो. या, या. रामराम. पाण्याचा तांब्या. बायांच्या बांगड्या. मग बाबूजींचा आवाज, एकदम मोकळा, इतका खूश आवाज मी त्यांचा क्वचित ऐकला असेल. "या श्यामरावजी, बसा. हा काय, चौरंग इथंच मांडून ठेवला आहे आमच्या चिरंजीवांनी."

मी तसाच ओल्या अंगावर शर्ट चढवत बाहेर आलो. डब्ब्यावर इवाई बसले होते.

बाबूजींचा तरी काय दोष? चौरंगाएवढा उंच, चौरंगाएवढा रुंद, वर सुलेशनचा पिवळसर थर उन्हात पॉलिश केल्यासारखा चमकतो आहे. पोरानं शेवटी काही तरी कामाचं केलं, असंच त्यांना वाटलं असणार. त्यांनी स्वतः हाताला धरून श्यामरावजींना त्यावर बसवलं होतं. आता खाली परातीत त्यांचे पाय धुत होते. श्यामरावजी भारदस्त माणूस, मिशा पांढऱ्या, अंगावर कडक इस्त्रीचं शुभ्र धोतर. पाय धुऊन झाले, गंध लागलं, आता त्यांनी उठून ओसरीवरच्या गादीवर जायचं. सगळे पुरुष तिकडे गेले. श्यामरावजी उठायला गेले, चर्र असा बारीकसा आवाज झाला, आणि ते परत बसले. त्यांनी एक हात हळूच मागं नेला, चाचपून पाहिलं आणि हात मांडीवर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. पोस्टात इतकी वर्षं काउंटरमागं बसलेला माणूस.

"चला ना," बाबूजी म्हणाले.

"बरं हाय इथंच."

"गादीवर बसा आरामात."

"हवा लागून राहिली इथं," इवाई म्हणाले. हवा अजिबात नव्हती.

मामांनी बाबूजींना दाराआड ओढलं. मी तिथंच होतो. मामा म्हणाले, "भाऊजी, इवाई रुसले."

"कशावरून?"

"उठून नाई राहिले ना. सारे गादीवर गेले, हे एकटे कोपऱ्यात. मागच्या वेळी असंच सुरू झालं होतं."

मी म्हणालो, "बाबूजी, तो डब्बा..."

"तू आत जा."

"नाही पण त्या डब्ब्याले..."

"सुध्या, आत जा म्हटलं ना."

मी आत गेलो नाही, पण बोललोही नाही. मग जे सुरू झालं ते मला आज आठवलं तरी हसू येतं, त्या दिवशी मात्र येत नव्हतं. रुसलेल्या इवायाची समजूत काढण्याची आमच्याकडे एक ठरलेली रीत आहे, आणि माझ्या घरच्यांनी ती पायरी पायरीनं चढायला घेतली. आधी शेला आणि टोपी. श्यामरावजींनी घेतली, पण उठले नाहीत. मग आणखी भारीचा शेला, जो आईनं लग्नासाठी राखून ठेवला होता. तोही घेतला. मग शेजाऱ्यांकडून टेबलफॅन आला आणि त्यांच्यापुढं फिरायला लागला. मामा उकिडवे बसून म्हणाले, "इवाईजी, मनात काही असन तर बोला. पोटात ठेवू नका."

"काहीच नाई बाप्पा. खरंच नाई."

रुसलेला माणूस असंच म्हणतो. त्यामुळे सगळ्यांची खात्रीच पटली. त्यातून त्यांचे धाकटे भाऊ ओसरीवरून उतरून आले. "दादा, चाल ना वर." श्यामरावजी म्हणाले, "तू जा." भाऊ परत गेले आणि आपल्या लोकांना हळू आवाजात म्हणाले, पण आम्हाला ऐकू जाईल असं, "दादा उगाच बसत नाई. काही तरी पाह्यलं हाय त्यायनं." ओसरीवरचं बोलणं बंद झालं. कोणी चहाचा कप खाली ठेवला. खिडकीच्या गजाआड ताईचा चेहरा दिसला, नटवलेला, आणि तिचा खालचा ओठ दाताखाली होता.

तेव्हा बाबूजी गेले. अंगणातून त्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले, आणि त्यांनी हात जोडले. "श्यामरावजी," ते म्हणाले, "आमच्याकडून काही कमीजास्त झालं असेल तर तुम्ही मला बोला. मी चुकलो असेन. पण पोरीचं मन लागलं आहे." हे शेवटचं वाक्य त्यांना ठरवून बोलता आलं नसतं, ते तोंडून निघून गेलं. बोटांवर खडू नाही असे त्यांचे हात मी फार कमी वेळा पाहिले होते, आणि जोडलेले तर कधीच नाही. श्यामरावजी त्या हातांकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले. ते काही सांगणार होते, पण मागं सगळी ओसरी कान टवकारून बसलेली. पुरुष माणूस, मुलाचा बाप, साक्षगंधात धोतर चिकटलं म्हणून सांगेल कसा?

आईनं शेवटचा उपाय म्हणून ताईलाच बाहेर पाठवलं. पोर पायाला लागली की माणूस विरघळतो, असा तिचा हिशेब. ताई डोक्यावर पदर घेऊन आली, श्यामरावजींच्या पायाशी वाकली, आणि वाकलेलीच राहिली. ओसरीवरच्या बाया एकमेकींना कोपरानं खुणावायला लागल्या की काय वळण आहे पोरीचं. मी तांब्या धरून शेजारीच उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं. ताईचं नाक त्या डब्ब्यापासून वीतभरावर होतं.

"मामंजी," ती पुटपुटली, "धोतर चिकटलं काय?"

श्यामरावजींनी डोळे मिटून मान हलवली.

"किती?"

"सारंच."

"हलू नका. कोणाले समजू नाई देत."

ती उठली, पदर सावरला, आणि चारचौघांत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, मामंजीचे गुडघे धरले हायेत. जीपमध्ये आखडून बसले ना. लाजेनं सांगून नाई राहिले. खोबऱ्याचं तेल आण, सुध्या चोळून देते. तवरोक बाकीच्यायची पंगत बसव मागच्या अंगणात."

सगळ्या घरानं एकदम श्वास सोडल्यासारखं झालं. गुडघे होय. मामा मोठ्यानं हसले. इवायांच्या भावालाही आपल्या गुडघ्यांची आठवण झाली. बाबूजींचे हात अजून जोडलेलेच होते, त्यांनी ते हळूच खाली घेतले आणि कुठं ठेवावेत हे न कळून धोतराला पुसले. सगळे मागं गेले. पाटोडीचा रस्सा वाढल्याचे आवाज यायला लागले. पुढच्या अंगणात मी, तेलाची वाटी, भाकरी उलथायचं पातळ उलथनं आणि इवाई.

मी मागच्या बाजूनं तेल सोडलं आणि उलथनं सरकवायला लागलो.

"हे हाय तरी काय?" श्यामरावजींनी समोर बघतच विचारलं.

"स्पीकरचा डब्बा हाय."

"वाजते?"

"अजून नाई वाजत."

"मंग मले काऊन बसवलं त्याच्यावर? वाजते का पाहाले?"

मी उलथनं पुढं सरकवलं. ते हलत होते. मला वाटलं दुखतंय, म्हणून उलथनं थांबवलं. ते हसत होते, मिशीवर शेला धरून, आवाज न करता, पूर्ण अंगानं. "हसवू नको बे मले," ते म्हणाले, जसा काही विनोद मी केला होता, "हासलो की आणखी बसते ते."

बराच वेळ लागला. शेवटी धोतर निघालं, पण सगळं नाही. ताटलीएवढा तुकडा डब्ब्यावरच राहिला. श्यामरावजींनी मानाचे दोन्ही शेले कमरेभोवती असे गुंडाळले की ती जणू सौंसरची जुनी पद्धतच असावी, आणि रुबाबात पंगतीला जाऊन बसले. वडाभात दोनदा मागून घेतला. जेवून उठताना बाबूजींना म्हणाले, "पोरगी आमची झाली." एवढंच.

माझी कीर्ती मात्र पसरली. इवायाचे गुडघे चोळणारा पोरगा म्हणून मोहगावपर्यंत माझं नाव गेलं. पुढं माझं लग्न जमताना सासऱ्यांनी हीच गोष्ट कौतुकानं सांगितली आणि मी मान खाली घालून ऐकली. नम्र दिसलो असणार. पांढुर्णा आता जिल्हा झाला आहे, माणसं बदलली, पण जुन्यांपैकी कोणी भेटला तर अजून माझ्याकडं बघून आपला गुडघा दाखवतो.

पाहुणे गेल्यावर ऊन कललं होतं. अंगणात पत्रावळी गोळा करणं चाललं होतं. बाबूजी कोपऱ्यात डब्ब्यापाशी उभे होते. मी पळायच्या बेतात होतो.

"हे काय आहे?" त्यांनी पांढऱ्या तुकड्यावर बोट ठेवून विचारलं. त्याला धोतराचा बारीक काठ होता.

"धोतर."

त्यांनी ते पाहिलं. काठ कोणाच्या धोतराचा हे त्यांना सांगावं लागलं नाही. सकाळी त्याच काठाला पाणी लागू नये म्हणून त्यांनी तो स्वतः वर धरला होता. मग त्यांनी डब्बा वळवला आणि आपल्या चौरंगाची फळी ओळखली, वांग्याच्या आकाराच्या दोन भोकांसकट. मी गाल तयार ठेवला.

"मीच बसवलं त्यांना," बाबूजी म्हणाले.

मी गाल थोडा मागं घेतला.

"हाताला धरून."

मागं आई भांडी विसळत होती, तो आवाज तेवढा येत होता. बाबूजी खाली बसले, चष्मा काढून पुसला, परत घातला. "आता ह्याचं काय राहिलं आहे?"

"कार्पेट लावायची हाय."

"मग लाव ना."

"एकट्यानं नाई होत. वाकडी बसते. दुसऱ्यानं ताणून धरावं लागते."

त्यांनी बाह्या दुमडल्या. मी पुन्हा सुलेशन लावलं, डब्ब्यावर आणि कार्पेटच्या पाठीवर. धोतराचा तुकडा खरवडू का म्हणून विचारलं तर ते म्हणाले, राहू दे. मग आम्ही दोघं ते वाळायची वाट बघत बसलो. बाबूजी मधूनमधून करंगळीचं टोक लावून पाहायचे, पाकाची तार बघावी तसं. वाळल्यावर त्यांनी दोन कोपरे धरले, मी दोन. एका कडेपासून हळूहळू टेकवत नेली, मी तळहातानं मधून बाहेर दाबत गेलो. तुकड्यावर आल्यावर थोडा उंचवटा राहिला, तो बाबूजींनी अंगठ्यानं चेपला. कडा खाली वळवल्या. कोपऱ्यांशी मी अडलो, तिथं जास्तीची कार्पेट गोळा होत होती. बाबूजींनी ब्लेड मागून घेतलं, तिरकी चीर दिली, आणि दरवर्षी जूनमध्ये आमच्या वह्यांना खाकी कव्हर घालायचे तशी घडी मारून कोपरा बसवला. चारही कोपरे त्यांनीच केले. भोकांवरची कार्पेट मी कापली, आणि खरंच सांगतो, मरून कार्पेटीत ती भोकं गोल दिसत होती.

"लव सगळीकडे एकाच बाजूला झुकली पाहिजे," असं मी उगाच म्हणालो. त्यांनी हात फिरवून पाहिला. झुकली होती.

काम झालं होतं. ते उभे राहिले, कंबर सरळ केली, डब्ब्याकडं बराच वेळ बघितलं. मग मला काही न सांगता वळले आणि त्यावर बसले. सकाळचंच पांढरं धोतर अंगावर होतं. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, वर्गातल्या खुर्चीत बसावं तसे ताठ बसले. ताई दारात येऊन उभी राहिली होती.

थोड्या वेळानं बाबूजी उठले. दोन पावलं गेले, आणि आम्ही बघत नाही असं समजून, एक हात मागं नेऊन हळूच चाचपून पाहिलं.